रस्त्याकडेचा इतिहासफलक कसा वाचावा आणि त्याचा माग कसा काढावा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील राज्यांतून गाडीने जाताना रस्त्याच्या कडेला खांबावर बसवलेले धातूचे फलक वारंवार दिसतात. माथ्यावर राज्याची मुद्रा, तिच्याखाली ठळक अक्षरांत एखादे नाव आणि त्या नावाखाली मोजक्या ओळी, एवढाच त्यांचा ऐवज असतो. त्यांतले बरेच फलक देशाच्या स्थापनेच्या काळातील राजकारण्यांचे आहेत. प्रवासी नाव वाचतो आणि पुढे निघून जातो. त्या नावाचा माग कसा काढायचा, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

उदाहरणासाठी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या जॉन पेन यांचा फलक घेतला आहे. त्यामागे दोन कारणे आहेत. राज्याच्या महामार्ग इतिहासफलक योजनेला १९३५ साली विधिमंडळाने मंजुरी दिली आणि तिच्यातील पहिला फलक जानेवारी १९३६ मध्ये ग्रॅनव्हिल परगण्यातील स्टोव्हॉल या गावी लागला, तो पेन यांचाच. दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. रॅले, डरहॅम आणि कॅरी या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापासून हा फलक साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. मुलांना शाळेत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर प्रकल्प करावा लागतो, तेव्हा वॉशिंग्टनपर्यंत जाण्याआधी एखादा शनिवार इकडे घालवणे सोयीचे ठरते.

निघण्यापूर्वी

घरातून निघण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. असा फलक जिथे घटना घडली तिथेच लावलेला असतो, असे नाही. नॉर्थ कॅरोलायनातील नियमानुसार तो क्रमांक असलेल्या महामार्गावर लावला जातो, म्हणजे मूळ जागेपासून सर्वांत जवळ जो मोठा रस्ता असेल त्याच्या कडेला. त्यामुळे फलकाची जागा इतिहासापेक्षा रस्त्यांच्या जाळ्यावर अधिक अवलंबून असते. पेन यांचा फलक स्टोव्हॉलमधून जाणाऱ्या महामार्ग क्रमांक १५ वर आहे. त्यांचे घर तेथून काही मैल आत होते. ‘पेन इथे राहत होते’ असे फलकापाशी उभे राहून मुलांना सांगितले, तर ते चुकीचे ठरेल.

फलक शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्याच्या क्रमांकातून जातो. या राज्याने आपल्या भूभागाचे ‘ए’ पासून ‘क्यू’ पर्यंत अक्षरांचे विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागातील फलकांना क्रमाने आकडे दिले आहेत. पेन यांचा फलक ‘जी–१’ आहे. राज्याच्या नैसर्गिक व सांस्कृतिक संपदा विभागाने सर्व फलकांची यादी क्रमांक, परगणा आणि विषय यांनुसार शोधता येईल अशी ठेवली आहे आणि बहुतेक फलकांसोबत एक छोटा निबंधही दिला आहे. फलकावर न मावलेली माहिती त्या निबंधात असते. तो आधी वाचूनच निघावे. याखेरीज ‘हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस’ हा २००६ साली सुरू झालेला स्वयंसेवकांचा संग्रह आहे. त्यात फलकाची छायाचित्रे, अक्षांश-रेखांश आणि आजूबाजूच्या इतर फलकांची अंतरे मिळतात. दोन्ही ठिकाणी जागेचे वर्णन जुळते का, ते पाहून घ्यावे, कारण रस्ता रुंद करताना फलक काढून थोडा पुढे-मागे लावला जाणे ही नित्याची बाब आहे.

सरहद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात शिरलात तर पद्धत बदलते, हेही ध्यानात असू द्यावे. व्हर्जिनियाची योजना १९२७ सालची, म्हणजे देशातील सर्वांत जुन्या योजनांपैकी एक. तिथल्या फलकावर शंभरेक शब्दांचा मजकूर असतो आणि तो गाडी थांबवूनच वाचावा लागतो. पेनसिल्व्हेनियाचे फलक निळे आणि त्यांवरची अक्षरे सोनेरी, न्यूयॉर्कचे निळे-पिवळे. नॉर्थ कॅरोलायनाचा फलक चंदेरी असून त्यावर काळी अक्षरे असतात आणि मजकूर इतका आटोपशीर असतो की चालत्या गाडीतूनही त्याचा सारांश डोक्यात शिरावा. हा फरक केवळ सजावटीचा नाही. शंभर शब्दांत लेखकाला ‘परंतु’ लिहायला जागा मिळते, पंचवीस शब्दांत ती मिळत नाही. म्हणूनच या राज्याच्या फलकावर जे आहे त्याच्याइतकेच जे नाही त्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

थांबताना

गाडी महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर उभी करून उतरू नये. स्टोव्हॉलसारख्या काहीशे वस्तीच्या गावात तर त्याची गरजही पडत नाही. दुकानाच्या किंवा चर्चच्या आवारात परवानगीने गाडी लावून चालत यावे. मोकळ्या रानात फलक असेल तर पुढच्या आडरस्त्यावर वळून गाडी तिथे थांबवावी. फलकामागची जमीन बहुधा खासगी असते. कुंपण नसले तरी आत शिरू नये. अमेरिकेतील ग्रामीण भागात ही बाब फार गांभीर्याने घेतली जाते.

छायाचित्रासाठी सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची वेळ बरी. अक्षरे ओतकामात उठावदार केलेली असतात. सूर्य बाजूने असला की प्रत्येक अक्षराची बारीक सावली पडते आणि रंग उडालेला मजकूरही वाचता येतो. ऊन समोरून पडले तर चंदेरी पृष्ठभाग नुसता चमकतो. एक छायाचित्र मजकुराचे, एक माथ्यावरच्या मुद्रेचे, एक तळाच्या ओळीचे आणि एक रस्त्यासह दुरून, असे चार घ्यावेत. दुसरी बाजूही पाहावी. फलकाला खडू किंवा कोळसा लावू नये, मजकूर कागदावर घासून उतरवू नये.

मजकूर वाचताना

तळाच्या ओळीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तिथे फलक लावणाऱ्या संस्थेचे नाव असते आणि पुष्कळदा वर्षही. योजनेची जबाबदारी गेल्या नऊ दशकांत एका नावाच्या खात्याकडून दुसऱ्या नावाच्या खात्याकडे जात राहिली. त्यामुळे संस्थेच्या नावावरूनही फलकाच्या काळाचा अंदाज बांधता येतो. हे वर्ष महत्त्वाचे आहे, कारण फलक दोन काळांविषयी बोलतो : ज्या काळाचे वर्णन त्यात आहे तो, आणि ज्या काळात ते वर्णन लिहिले गेले तो. १९३६ साली महामंदी चालू होती, मोटारीने पर्यटन करणारा मध्यमवर्ग वाढत होता आणि प्रत्येक राज्य आपल्या रस्त्यांवर त्याला ओढू पाहत होते. अशा वेळी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याचे घर हा पहिल्या फलकाचा विषय व्हावा, यात नवल नाही. त्याच ग्रॅनव्हिल परगण्यात तंबाखूची शेती गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे मात्र त्या पिढीतील समित्यांना रस्त्यावर लिहावेसे वाटले नाही. अलीकडच्या काही दशकांतील फलकांमध्ये विषयांची निवड स्पष्टपणे बदललेली दिसते. एकाच परगण्यातील १९३०च्या दशकातील फलक आणि २००० नंतरचे फलक ओळीने वाचून पाहिले, तर हा बदल कुणी समजावून सांगावा लागत नाही. येथे एक सावधगिरी हवी. वाहनाची धडक बसून मोडलेले किंवा मजकुरात दुरुस्ती झालेले फलक नव्याने ओतले जातात. म्हणून मूळ फलक १९३६चा असला तरी समोर दिसणारा धातूचा पत्रा त्याच वर्षीचा असेल, असे गृहीत धरू नये.

त्यानंतर मजकुराकडे वळावे आणि त्यातील प्रत्येक विधान वेगळे काढून वहीत लिहावे. पेन यांच्या बाबतीत गाभ्याची विधाने दोनच आहेत : ते नॉर्थ कॅरोलायनातर्फे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी होते, आणि त्यांचे घर या भागात होते. विधाने अशी सुटी केली म्हणजे प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, हे उघड होते. सहीचा पुरावा वॉशिंग्टनमध्ये आहे, तर घराचा पुरावा परगण्याच्या जमीन-नोंदींत शोधावा लागतो. एकाने दुसरे सिद्ध होत नाही.

क्रियापद भूतकाळी आहे का, हेही पाहावे. घर ‘होते’ असे लिहिले असेल तर तिथे आज काही पाहायला मिळेल, अशी अपेक्षा धरून शेतांमधून फिरू नये. अंतर आणि दिशा दिली असेल तर ती फलक लावला त्या वेळच्या जागेपासूनची असते. फलक नंतर हलवला असेल तर ती चुकू शकते.

सही म्हणजे नेमके काय

‘जाहीरनाम्यावर सही करणारे’ हे शब्द अमेरिकेतील शेकडो फलकांवर आढळतात आणि त्यांच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमजही आहेत, म्हणून येथे थोडे थांबू.

कॉन्टिनेन्टल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या संयुक्त सभेने, स्वातंत्र्याच्या बाजूने मतदान केले ते २ जुलै १७७६ रोजी. जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला ४ जुलैला. चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या प्रतीवर बहुतेक सदस्यांनी सह्या केल्या २ ऑगस्टला, आणि काहींनी त्याहूनही उशिरा. त्यामुळे सही केली म्हणून मतदानाच्या वेळी तो सदस्य सभागृहात होताच, असे ठरत नाही. नॉर्थ कॅरोलायनाचेच उदाहरण पाहा. या राज्यातर्फे विल्यम हूपर, जोसेफ ह्यूज आणि जॉन पेन अशा तिघांच्या सह्या आहेत. पण ४ जुलैला हूपर फिलाडेल्फियात नव्हते. त्यांची सही ऑगस्टमधली आहे. फलकावर तिघेही सारखेच ‘सही करणारे’ ठरतात, आणि ते खोटेही नाही.

सही प्रत्यक्ष पाहायची असेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावे लागते. परंतु मूळ चर्मपत्राची शाई इतकी फिकी पडली आहे की काचेपलीकडून बहुतेक सह्या ओळखू येत नाहीत. अभ्यासासाठी विल्यम स्टोन यांनी १८२३ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेली प्रतिकृती वापरावी. आज पुस्तकांत आणि भिंतींवर दिसणाऱ्या बहुतेक प्रती तिच्यावरूनच आल्या आहेत. त्या प्रतिकृतीत सह्यांचे स्तंभ पाडलेले आहेत. डावीकडून पहिल्या स्तंभात जॉर्जियाचे तिघे आहेत; दुसऱ्या स्तंभाच्या माथ्यावर हूपर, त्याखाली ह्यूज आणि त्याखाली पेन, अशी नॉर्थ कॅरोलायनाची नावे येतात आणि मग साउथ कॅरोलायनाची सुरू होतात. मुलांना बरोबर नेत असाल तर या प्रतिकृतीची छापील प्रत घेऊन जावे आणि फलकापाशी उभे राहून ते तिसरे नाव त्यांनाच शोधायला सांगावे.

पेन यांच्याविषयी फलकावर न येणारी, पण नोंदण्याजोगी आणखी एक सही आहे. तेरा राज्यांना एकत्र बांधणाऱ्या आणि आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या करारावरही त्यांनी १७७८ साली सही केली. जाहीरनामा आणि हा करार अशा दोन्ही दस्तऐवजांवर ज्यांच्या सह्या आहेत असे सोळाच जण आहेत.

विधानांची पडताळणी

पडताळणीला बसल्यावर सर्वांत आधी माणूस तोच आहे ना, याची खात्री करावी. जॉन पेन या नावाचा दुसरा माणूस त्याच काळात त्याहून अधिक प्रसिद्ध होता : पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन यांचा नातू आणि त्या वसाहतीचा शेवटचा मालक-गव्हर्नर. ज्या फिलाडेल्फियात नॉर्थ कॅरोलायनाचे पेन वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी बसत होते, त्याच प्रदेशावर या दुसऱ्या पेन यांच्या घराण्याची सत्ता १७७६ साली संपुष्टात येत होती. नुसत्या नावाने शोध घेतला तर दोघांची पत्रे, चित्रे आणि जमीन-व्यवहार एकमेकांत मिसळून समोर येतात. म्हणून शोधताना नावाबरोबर ‘ग्रॅनव्हिल’ किंवा ‘कॅरोलाइन परगणा’ असा स्थानाचा शब्द नेहमी जोडावा.

कॅरोलाइन परगणा व्हर्जिनियात आहे आणि पेन यांचा जन्म तिथला. जन्मवर्ष कुठे १७४० तर कुठे १७४१ दिलेले आढळते. अशा वेळी एक वर्ष निवडून दुसरे दडपण्याऐवजी दोन्ही नोंदवून ठेवावीत. वडिलांनी शिक्षणाकडे फारसे लक्ष दिले नव्हते. वडिलांच्या मृत्यूनंतर या तरुणाने आपले नातलग आणि नामांकित वकील एडमंड पेंडल्टन यांच्या ग्रंथसंग्रहात बसून कायदा शिकला आणि १७६२च्या सुमारास वकिली सुरू केली. १७७४ साली ते कुटुंबासह ग्रॅनव्हिल परगण्यात राहायला आले आणि पुढच्याच वर्षी प्रांतिक काँग्रेसवर, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या स्वतःच्या प्रतिनिधिसभेवर, व तेथून कॉन्टिनेन्टल काँग्रेसवर निवडले गेले. म्हणजे ज्या राज्याच्या फलकावर त्यांचे नाव आहे, त्या राज्यात येऊन त्यांना पुरती दोन वर्षे झाली होती न झाली, तोच त्यांनी त्या राज्याच्या वतीने जाहीरनाम्यावर सही केली. फलकावर ही गोष्ट कळायला मार्ग नाही. मला ती पेन यांच्या चरित्रातील सर्वांत मनोरंजक बाब वाटते, कारण सीमाभागातील नव्या वस्तीत वकिली येणाऱ्या माणसाला किती लवकर पुढे केले जात होते, हे तिच्यावरून दिसते.

ही माहिती चरित्रकोशांतून मिळते. पण पडताळणी करायची तर मूळ कागदांपर्यंत जावे. सुदैवाने त्यांतले बरेच कागद घरबसल्या पाहता येतात. काँग्रेसच्या कामकाजाची इतिवृत्ते आणि प्रतिनिधींची पत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसने उपलब्ध केली आहेत. नॉर्थ कॅरोलायनाचे वसाहतकालीन आणि राज्यस्थापनेच्या काळातील अभिलेख चॅपल हिल येथील विद्यापीठाने शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. जुनी मृत्युपत्रे रॅलेच्या राज्य अभिलेखागारात, तर जमिनीचे खरेदीदस्त परगण्याच्या मुख्य गावी म्हणजे ऑक्सफर्डच्या नोंदणी कार्यालयात पाहावेत. ग्रॅनव्हिल परगणा १७४६ साली स्थापन झाला; त्याआधीचा व्यवहार शोधायचा असेल तर ज्या परगण्यातून तो वेगळा झाला त्या एजकोम परगण्याच्या नोंदी पाहाव्या लागतात.

पत्रे चाळताना एक नोंद आवर्जून पाहावी. १७७६च्या वसंतात, प्रांतिक काँग्रेससाठी घरी परतण्यापूर्वी, हूपर आणि पेन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या जॉन ॲडम्स यांना विचारले की राजसत्ता गेली तर राज्याचे नवे शासन कसे रचावे. ॲडम्स यांनी दोघांनाही आपल्या हाताने सविस्तर उत्तर लिहून दिले. द्विगृही विधिमंडळ, स्वतंत्र न्यायसंस्था आणि ठरावीक मुदतीच्या निवडणुका यांची त्यात मांडणी होती. पुढे इतरांनीही तसेच टिपण मागितल्यावर त्याची पुस्तिका छापली गेली आणि अनेक राज्यांच्या पहिल्या घटनांवर तिचा ठसा उमटला. रस्त्यावरच्या फलकाला हे सारे पेलणार नाही. परंतु पेन यांच्या सार्वजनिक कामाचे मोल ठरवताना सहीपेक्षा हा प्रश्न अधिक वजनदार आहे, असे म्हणायला जागा आहे.

आख्यायिका वेगळ्या ठेवाव्यात

स्थापनेच्या काळातील प्रत्येक राजकारण्याभोवती काही गोष्टी चिकटलेल्या असतात. पेन यांच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट हेन्री लॉरेन्स यांच्याशी ठरलेल्या द्वंद्वाची. लॉरेन्स साउथ कॅरोलायनाचे आणि काही काळ काँग्रेसचे अध्यक्ष होते. दोघांत वाद विकोपाला गेला आणि पिस्तुलांनी तो मिटवायचे ठरले. दोघेही एकाच घरात उतरले होते, म्हणून सकाळी न्याहारी एकत्रच केली आणि ठरल्या जागी निघाले. वाटेत चिखलाने भरलेला रस्ता ओलांडायचा होता. वयाने मोठ्या असलेल्या लॉरेन्स यांना पेन यांनी हात दिला, आणि पलीकडे पोहोचल्यावर द्वंद्व रद्द करावे असे सुचवले. लॉरेन्स यांनी ते मान्य केले.

गोष्ट सुरेख आहे आणि कदाचित खरीही असेल. पण ती प्रथम कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिली, हे शोधल्याशिवाय तिला सहीच्या पंक्तीला बसवू नये. वहीत दोन स्तंभ करावेत : कागदाने सिद्ध होणाऱ्या बाबी एकीकडे, सांगण्यात आलेल्या गोष्टी दुसरीकडे. फलकांचे प्रस्ताव तपासणारी समितीसुद्धा साधारण याच कसोटीने चालते. आख्यायिकेवर आधारलेला मजकूर फलकासाठी स्वीकारला जाणे अवघड असते.

समाधीचा घोळ

पेन १७८० साली राज्याच्या युद्धमंडळावर होते आणि सप्टेंबर १७८८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दफन घराजवळच, ग्रॅनव्हिलमध्ये झाले. पुढे १८९४ साली त्यांचे अवशेष तेथून काढून ग्रीन्सबोरोजवळील गिलफर्ड कोर्टहाउसच्या रणभूमीवर नेण्यात आले आणि हूपर यांचेही तिथेच पुनर्दफन झाले. या रणभूमीवर १५ मार्च १७८१ रोजी ब्रिटिशांशी मोठी लढाई झाली होती. परंतु पेन किंवा हूपर यांनी तिच्यात भाग घेतलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रणभूमी जतन करणाऱ्या मंडळींना तिथे राज्याच्या क्रांतिकाळाचे स्मारक उभारायचे होते आणि त्यासाठी थोर पुरुषांच्या समाध्या हव्या होत्या. स्मारक कुठे आहे यावरून त्या माणसाचा त्या जागेशी संबंध जोडणारा वाचक येथे हमखास फसतो.

एका दिवसाचा बेत असा करता येईल. सकाळी डरहॅमहून आंतरराज्य महामार्ग ८५ने ऑक्सफर्ड गाठावे, तिथून महामार्ग १५ने उत्तरेला स्टोव्हॉल. फलक पाहून परत फिरावे आणि दुपारी हिल्सबरो येथे थांबावे. हूपर यांचे वास्तव्य तिथे होते आणि गावात क्रांतिकाळाशी निगडित फलक चालत पाहण्याजोगे आहेत. त्यानंतर पश्चिमेला ग्रीन्सबोरो. तिथले लष्करी उद्यान राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात असून दोघांच्या समाध्या आणि स्मारक तिथे पाहता येतात. सही करणाऱ्यांपैकी तिसरे, जोसेफ ह्यूज, पूर्वेकडील ईडेन्टन बंदराचे व्यापारी होते. त्यांचा मृत्यू १७७९ साली फिलाडेल्फियात झाला आणि दफनही तिथेच आहे. ईडेन्टनसाठी वेगळा दिवस काढावा.

नवा फलक सुचवायचा असल्यास

फलक लावण्याचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो. त्यासाठी इतिहासकार असण्याची अट नाही. नॉर्थ कॅरोलायनात व्यक्तीच्या मृत्यूला किमान २५ वर्षे झालेली असावी लागतात. तिचे महत्त्व गावापुरते न राहता राज्यव्यापी असावे, अशी अपेक्षा असते. प्रस्तावावर महाविद्यालये आणि विद्यापीठांतील इतिहासाच्या प्राध्यापकांची समिती निर्णय देते. ती वर्षातून दोनदाच बसते, म्हणून कागद अपुरे निघाले तर सहा महिने हातचे जातात. खर्च राज्य उचलते. व्हर्जिनियात मात्र तो प्रस्ताव देणाऱ्याने करायचा असतो. राज्यागणिक हा नियम तपासूनच पुढचे पाऊल टाकावे.

अर्ज भरताना मजकूर शेवटी लिहावा. आधी पुराव्यांची जुळणी करावी आणि प्रत्येक विधानामागे शक्यतो त्या काळचा मूळ कागद लावावा. आधुनिक पुस्तकातील उतारा पूरक म्हणून चालतो, एकटा पुरत नाही. मग जागा पाहावी : जवळचा क्रमांकित महामार्ग कोणता, तिथे खांबाला जागा आहे का, समोरून येणाऱ्याला फलक दिसेल का. त्यानंतर मजकूर लिहून त्यातील विशेषणे काढून टाकावीत. ‘थोर’, ‘अद्वितीय’, ‘महान देशभक्त’ यांना तिथे जागा नसते. ‘सदस्य, १७७५–८०’ हे चालते. ‘पहिला’ हा शब्द वापरायचा असेल तर तो सिद्ध करण्याइतका पुरावा हाती असावा, कारण समितीचा संशय सर्वांत आधी त्याच शब्दावर जातो. तुमचा मजकूर जसाच्या तसा घेतला जाईल, अशीही अपेक्षा ठेवू नये; अंतिम शब्दयोजना समिती आणि कार्यालय करतात.

मंजुरीनंतर मजकूर ओहायोमधील मॅरिएटा येथील सेवा स्टुडिओज या कारखान्याकडे जातो. देशातील अनेक राज्यांचे फलक तिथेच तयार होतात. वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियम ओतून पत्रा काढतात, त्यावर रंग देतात आणि उठावदार अक्षरे काळी करतात. एकदा ओतल्यावर स्पेलिंगची चूक पुसता येत नाही, पूर्ण पत्रा नव्याने करावा लागतो. म्हणून तपासणीसाठी मसुदा आला की वर्ष, नाव आणि अंतर हे तीन तपशील मूळ कागद समोर ठेवून वाचावेत. खांब उभा करण्याचे काम वाहतूक खाते करते.

आधीच उभ्या असलेल्या फलकात चूक आढळली, तो वाकला असेल किंवा जागेवरून नाहीसा झाला असेल, तर विभागाच्या फलक कार्यालयाला क्रमांक, रस्ता, छायाचित्र आणि पाहिल्याची तारीख कळवावी. मजकुरातील चुकीविषयी लिहिताना तिच्याविरुद्धच्या मूळ कागदाची प्रत सोबत जोडावी.